सोप्रानो सॅक्ससाठी माऊथपीस कुठला घेऊ? वरचे सूर चढतायत

मिरजेचा_क्लॅरोनेट:
नमस्कार मंडळी. मी मूळचा क्लॅरोनेटवाला, बँडमधे वाजवतो, आता एक जुना सोप्रानो घेतलाय, सरळ नळीचा. पॅड बदलून घेतलेत, हवा कुठं लीक नाही. पण सोबत जो प्लास्टिकचा माऊथपीस आलाय त्याच्यावर ना नाव ना नंबर. खालचे सूर बसतात, वर गेलं की चढतंय, पाम कीजवर (तळहातानं दाबायच्या, सगळ्यात वरच्या सुरांच्या कळा) तर तंबोऱ्याच्या अॅपशी जुळतच नाही आणि मधेच चिरकतं. रीड (फुंकल्यावर थरथरते ती वेताची पट्टी) अडीचची, नंबर जेवढा मोठा तेवढी ती कडक. बँडमधली पोरं म्हणतात सरळ मेटलचा घे, त्या सॅक्सवाल्या केनी जी सारखा आवाज येईल. मला मिरवणुकीतपण वाजवायचंय आणि घरी थोडं रागदारीचंपण बसवायचंय. मिरजेत सतार-तंबोऱ्याची दुकानं पायलीला पन्नास, पण सॅक्सचा माऊथपीस फुंकून बघायला मिळेल असं मला तरी कुठं दिसलं नाही, म्हणजे ऑनलाइनच मागवावा लागणार. काय घेऊ?

कास_पठार:
मेटलच्या नादाला लागू नका एवढंच आधी सांगतो. धातू की एबोनाइट (कडक रबर) यापेक्षा आतला आकार महत्त्वाचा. रीडच्या समोरची आतली उतरण, तिला बॅफल म्हणतात, ती उंच असेल तर आवाज तिखट आणि मोठा येतो, त्याच्या मागची पोकळी म्हणजे चेंबर मोठा असेल तर आवाज गोल होतो. मेटलचे माऊथपीस बरेचदा उंच बॅफलचे असतात म्हणून लोकांना वाटतं की मेटलमुळंच आवाज कडक येतो. केनी जी मेटलचा ड्युकॉफ वाजवतो हे खरंय पण त्याचा आवाज त्याच्या तोंडाचा आहे हो, पीस विकत मिळेल, तोंड कुठून आणणार!
सुरुवातीला यामाहा ४सी घ्या. टिप ओपनिंग (रीड आणि पीसच्या टोकामधली फट) जेमतेम १.२ मिमी, सूर जागेवर राहतो आणि फार महाग पण नाही. खिशाला परवडत असेल तर सेल्मर एस-८० सी स्टार, एबोनाइटचा. रीड मात्र सोप्रानोचीच लावा.

वाईकर_काका:
थांबा, खरेदीच्या आधी फुकटातली एक तपासणी करा. माऊथपीस सॅक्सवरून काढा, रीड आणि लिगेचर (रीड आवळून धरणारा पट्टा) लावून नुसताच फुंका, नेहमी जेवढ्या जोरात वाजवता तेवढ्याच जोरात, आणि जो सूर येतो तो पेटीवर शोधा. सोप्रानोचा पांढरी एकच्या (सी) आसपास यायला पाहिजे. तुमचा त्याच्यावर गेला, म्हणजे काळी एक, पांढरी दोन असा, तर दोष माऊथपीसचा नाही, तुमच्या ओठांचा आहे. क्लॅरोनेटवाल्यांचं हे कायमचं. तिथं ओठ आवळायची सवय, सोप्रानोवर तसंच चावलं की वरचे सूर चढणारच, मग दहा हजाराचा पीस आणला तरी तेच. जबडा सैल सोडा, पीस तोंडात क्लॅरोनेटपेक्षा थोडा जास्त घ्या, आणि वाद्य छातीला चिकटवून खाली धरू नका, जरा पुढं उचलून धरा.
दुसरं म्हणजे सॅक्सच्या टोकाच्या कॉर्कवर पीस कुठवर सरकवलाय ते बघा. थोडा बाहेर ओढला की सगळेच सूर उतरतात पण वरचे जास्त उतरतात, कारण तिथं नळी आखूड वापरात असते. तुमच्या तक्रारीला नेमकं तेच पाहिजे.

गणपतीत_बिझी:
काकांचं बरोबर हाय पण मिरवणुकीचं कोण बोलणार? ताशा, ढोल, मागं डीजे, त्यात ४सी वाजवलं तर शेजारच्याला पण ऐकू येणार न्हाई. मी सांगलीत उघड्यावर वाजवतो, मला थोडं मोठं ओपनिंग आणि बॅफल लागतंच. ओपनिंग मोठं तर रीड मऊ घ्यायची, दोनची वगैरे, न्हाईतर अर्ध्या तासात गालफाडं भरून येतात. पण दादा नवीन हाय, सूर बसायच्या आधीच मोठं ओपनिंग घेतलं तर हाताबाहेर जाणार, हे पण खरं. दोन पीस ठेवायचे, लई फरक पडतोय. आणि श्रावण-भाद्रपदात रीड दमट हवेनं वाकडी होते, त्यामुळं बाहेरच्या कामाला मी सिंथेटिक रीड लावतो, आवाज जरा कोरडा येतो पण धोका देत न्हाई.

कास_पठार:
मिरवणुकीसाठी वेगळा पीस हे मान्य. पण रागदारीला फार बारीक ओपनिंग पण अडचणीचं, मींड घ्यायला ओठाला जागा मिळत नाही. ४सी वर सूर बसला की मग एक पायरी मोठं, रीड अर्ध्या नंबरानं मऊ.
आणि गायकाबरोबर बसणार असाल तर लक्षात ठेवा, बी फ्लॅट वाद्य आहे, म्हणजे तुमचा सी म्हणजे काळी पाच. पांढरी एकच्या गायकाला तुम्ही डी पासून धरायचं. तुम्हाला क्लॅरोनेटमुळं माहीत असेलच.

मिरजेचा_क्लॅरोनेट:
काका, करून बघितलं. पेटीवर पांढरी दोनच्या पण जरा वर येतोय. सैल सोडल्यावर काळी एकपर्यंत आला पण तिथं आवाज थरथरतो. पीस बाहेर ओढला तर कॉर्कवर डुगडुगतो.

वाईकर_काका:
थरथरू दे, ओठाच्या कडेचे स्नायू तयार व्हायला वेळ लागतो, रोज नुसत्या पीसवर लांब सूर धरा, घरचे वैतागतील तेवढं चालायचंच. डुगडुगतोय म्हणजे कॉर्क दबलाय, तो बदलून घ्या, तोवर प्लंबरची पांढरी टेप दोन वेढे गुंडाळा. पांढरी एक स्थिर लागली की ४सी मागवा. अडीचची रीड चालेल त्याला. एबोनाइटचा घेतलात तर गरम पाण्यानं धुऊ नका, रंग उतरून हिरवट पडतो आणि वास मारतो.

गणपतीत_बिझी:
दादा सांगलीत आला की फोन कर, माझा मोठ्या ओपनिंगचा पीस फुंकून बघ, मग ठरव. रीड तुझी आण मात्र.