कोलियसच्या फांदीला पाण्यात मुळं येतात, कुंडीत लावली की बुंधा काळा पडतो

प्रश्न (सांगली): कोलियस म्हणजे रंगीत पानांचं शोभेचं झाड, त्याच्या फांदीला ग्लासातल्या पाण्यात दहा-बारा दिवसांत भरपूर मुळं येतात. नंतर कुंडीत काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घालून लावलं, की चार दिवसांत पानं लोंबतात, बुंधा मऊ काळा होतो. पाणी रोज सकाळी. चूक कुठे होतेय? पानओवाही असाच लावायचा आहे.

उत्तर १ (मिरज): दोष मातीचा. आपली काळी माती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवाच मिळत नाही. त्यात रोज पाणी, म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण. पाण्यात फुटलेली मुळं ठिसूळ असतात, त्यांवर मूळकेस (पाणी शोषणारे बारीक तंतू) फारसे नसतात. मातीत ती आधी मोडतात आणि मग कुजतात. त्यामुळे मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच लावा, गुच्छ होईपर्यंत थांबू नका.

खरं तर पाण्यात मुळं फोडणंच टाळा. न फुललेला शेंडा चार बोटं लांब घ्या, पेराच्या अगदी खाली धारदार ब्लेडने कापा. खालची पानं काढा, वरची मोठी पानं निम्मी कापा. कुंडीत दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाड वाळू भरा, निदान एक पेर आत जाऊ द्या. वर पारदर्शक पिशवी सैल झाका, ऊन लागू देऊ नका. सात ते चौदा दिवसांत हलकेच ओढून बघा, फांदी अडली म्हणजे मुळं धरली. कोलियसला रूटिंग पावडर (मुळं फुटण्यासाठी लावतात ती) लागत नाही.

उत्तर २ (सातारा): वरच्यात भर. मुळं धरल्यावर हलवायच्या कुंडीत दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग वाळू. तळाची भोकं मोकळी हवीत. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्चं असेल तर कोवळी मुळं जळतात. पाणी रोजचं ठरवून नको. बोट पेरभर खुपसा, वाफसा (बेताची ओल) असेल तर थांबा. एप्रिल-मेच्या उन्हात रंग विटतो, सकाळचं ऊन पुरे.

तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा, नाहीतर एकच काठी उंच होते. फुलाचा तुरा दिसताच काढा. आणि बी पेरू नका. आवडलेल्या पानाचा रंग बियांतून तसाच येत नाही, फांदीतूनच येतो.

उत्तर ३ (कराड): पानओव्याचं वेगळं. खोड मांसल असतं, म्हणून कापलेली फांदी चार-सहा तास सावलीत सुकू द्या, मगच लावा. लावल्यावर पहिले दोन दिवस पाणी नको. पिशवीही झाकू नका, कुजेल.

नर्सरीत कुणी सोलेनोस्टेमॉन किंवा प्लेक्ट्रँथस म्हटलं तर गोंधळू नका, ती कोलियसचीच जुनी नावं. 2019 पासून वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव पुन्हा कोलियसच.

पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. अशा झाडाची फांदी घेऊच नका. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

प्रश्नकर्ती: काळा पडलेला बुंधा कापून वरची फांदी वाचेल का?

उत्तर १: कापलेला भाग आतून हिरवा-पांढरा दिसेपर्यंत वर वर कापत जा. तपकिरी वर्तुळ दिसलं तर अजून वर. ब्लेड दर कापणीला स्पिरिटने पुसा, आणि कुंडीतली ती माती पुन्हा कोलियसला वापरू नका.