लेसरने मोतीबिंदू काढला म्हणजे नजर जास्त चांगली, हे कुठून आलं?

गवाक्ष

परवाच्या 'मोतीबिंदू: जुनं विसरा' या लेखात तीन दावे होते. एक, फेमटो लेसर फेकोपेक्षा (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा) अचूक, म्हणून नजर जास्त चांगली येते. दोन, फेको आता मागे पडली. तीन, एसआयसीएस (थोड्या मोठ्या छेदातून गाभा हातानेच बाहेर काढायची शस्त्रक्रिया) ही 'ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीची तडजोड' आहे. तिसरं वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

लेसर करतं काय? छेद देतं, भिंगाच्या वेष्टनाला गोल खिडकी पाडतं आणि गाभा आधीच चिरून ठेवतं. पुढे ते तुकडे फोडून ओढून घ्यायला फेकोचाच प्रोब आत जातो. म्हणजे फेको कुठेही गेलेली नाही, तिच्या आधी एक पायरी वाढली. ही पायरी वाढल्याने नजरेत काय फरक पडला, हे लेखात एका ओळीतही नाही.

फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी हेच तपासलं. फेमकॅट चाचणी, २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आली. यशाची व्याख्या कडक होती: गंभीर गुंतागुंत नको, चष्म्यासह नजर पूर्ण हवी, नंबर ठरल्याच्या जवळ हवा, तिरपा नंबर वाढायला नको, आणि हे सगळं एकाच डोळ्यात हवं. लेसर गटात ४१.१ टक्के, नेहमीच्या फेकोत ४३.६. त्याच वर्षी ब्रिटनच्या फॅक्ट चाचणीत ७८५ रुग्णांमध्ये तीन महिन्यांनंतरची बिनचष्म्याची नजर दोन्ही गटांत सारखीच निघाली.

आता ती 'तडजोड'. नेपाळमधल्या २००७ सालच्या चाचणीत १०८ रुग्णांची फेको आणि एसआयसीएस अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. सहा महिन्यांनी चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर दोन्हीकडे ९८ टक्के. एसआयसीएसला सरासरी नऊ मिनिटं लागली, फेकोला साडेपंधरा. दुसऱ्या दिवशी पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला) सूज फेकोत जास्त होती. यात तडजोड कोणती, हे लेखकाने दाखवून द्यावं.

कडेलोट

तुम्ही सोयीचे आकडे वेचलेत. फेमकॅटमध्ये बहुतेक सर्वसाधारण डोळे होते. पारपटलाच्या आतल्या पेशी आधीच कमी असलेल्या, फुक्सचा आजार असलेल्या माणसाला अल्ट्रासाउंडची ऊर्जा जितकी कमी लागेल तितकी चांगली. गाभा लेसरने आधीच चिरलेला असेल तर ती कमी लागते. सरासरीमध्ये हा माणूस हरवून जातो.

आणि स्वतःचं सांगतो. माझ्या एका डोळ्याची साधी फेको झाली, दुसऱ्याची लेसरने. पहिला डोळा आठवडाभर धूसर होता, दुसरा पट्टी काढल्यावर लगेच स्वच्छ. तुमच्या ४१-४४ ला मी काय करू? मला माझे दोन डोळे दिसतात.

नेत्रपल्लवी

मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करते, फेको आणि एसआयसीएस दोन्ही. लेसरचं यंत्रही काही काळ वापरलं आहे.

कडेलोट, एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतले गाभे सारखे कडक नसतात. बहुतेकदा जास्त पिकलेला डोळा आधी करतात आणि तोच दुसऱ्या दिवशी धूसर असतो. तुमची तुलना लेसरची नसून दोन वेगळ्या मोतीबिंदूंची असू शकते. लेसरनंतर बाहुली आकसते, हेही विसरू नका. त्यासाठी आधी थेंब घालावे लागतात, आणि आकसलेल्या बाहुलीत काम करणं कुणालाच आवडत नाही. फुक्सबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी सगळ्या जगाला लेसर विकायची गरज नाही.

गवाक्ष, तुमच्या नेपाळच्या चाचणीतही मेख आहे. दोन्ही शल्यचिकित्सक आपापल्या तंत्रात मुरलेले होते. उस्तादांची तुलना करून तंत्राची तुलना झाली असं म्हणता येत नाही. त्यापेक्षा मदुराईच्या अरविंद रुग्णालयाचा २०१२ सालचा आढावा बघा. जवळपास ८० हजार शस्त्रक्रिया होत्या. शिकाऊ डॉक्टरांच्या हातून फेकोत ४.८ टक्के वेळा गुंतागुंत झाली, एसआयसीएसमध्ये १.४६ टक्के. रुग्णाने यंत्राचं नाव विचारण्याआधी 'करणार कोण, आणि त्यांनी या तंत्राने किती केल्यात' हे विचारावं.

मात्र एसआयसीएसचा छेद सहा मिलिमीटरच्या आसपास असतो, फेकोचा अडीचच्या. त्याने तिरपा नंबर थोडा जास्त येतो. शिवाय वरच्या बाजूला पांढऱ्या भागावरचा पडदा उचलावा लागतो, त्यामुळे पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ती जागा व्रणाने खराब झालेली असते. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

गवाक्ष

काचबिंदूचा मुद्दा मान्य. काचबिंदू असलेल्याला फेकोच बरी. पण लेखात 'काचबिंदू असेल तर' असं नव्हतं, 'परवडत नसेल तर' असं होतं. माझा राग त्या वाक्यावर आहे.

पारिजात

तुमचं सगळं भिंगापाशी थांबतं. मागच्या पडद्याचं (रेटिनाचं) कोण बोलणार?

माझ्या नवऱ्याला मोठा मायनस नंबर. चाळिशीतच मोतीबिंदू झाला, फेको झाली, नजर ६/६. सगळे खूश. त्यानंतर काही वर्षांनी कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी, मग काळी सावली, आणि पडदा सरकला. तरुण वय, पुरुष आणि लांब डोळा, अशा माणसाला मोतीबिंदू काढल्यावर पडदा सरकायचा धोका बराच जास्त असतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो, हे मला नंतर वाचून कळलं. शस्त्रक्रियेआधी एका वाक्याने कुणी सांगितलं असतं तर पहिल्या चमकेलाच आम्ही धावलो असतो. सावली मध्यापर्यंत आल्यावर गेलो.

मग व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढायची शस्त्रक्रिया), पडदा दाबून धरायला आत गॅस, आणि तो जागेवर राहावा म्हणून मान खाली. पडदा चिकटला. कागदावर 'यशस्वी'. आज दाराची चौकट त्याला मध्ये वाकलेली दिसते आणि दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत. तपासणीत तक्ता वाचला की डॉक्टर म्हणतात, उत्तम आहे. हे यश कुणाचं?

वाटसरू

सहानुभूती आहे, पण हे फार झालं. पडदा सरकलेला डोळा तसाच सोडला तर आंधळा होतो. चिकटला हेच यश. माझाही सरकला होता, माझीही व्हिट्रेक्टॉमी झाली, आणि आज मी वाचतो, गाडी चालवतो. रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० च्या सुमारास हे तंत्र उभं केलं त्याआधी असले कित्येक डोळे गेल्यात जमा होते. चौकट वाकडी दिसते ही तक्रार करायला आधी डोळा शाबूत लागतो.

पारिजात

'तक्रार करायला डोळा शाबूत लागतो' हे वाक्य माझ्या नवऱ्यासमोर बोलून दाखवा. तो जिना उतरताना प्रत्येक पायरी पायाने चाचपतो. तुम्हाला बरं दिसतं म्हणून त्याने गप्प बसायचं?

गवाक्ष

वाटसरू, पारिजात म्हणतात त्याला आधार आहे. पिव्हट चाचणी, २०१९, १७६ रुग्ण. पडद्याचं छिद्र वरच्या भागात, घड्याळाच्या आठ ते चारच्या दरम्यान असलेल्यांपैकी काहींना नुसता गॅसचा बुडबुडा सोडून छिद्र लेसरने किंवा गोठवून बंद केलं, काहींची व्हिट्रेक्टॉमी केली. वर्षभरानंतर पहिल्याच प्रयत्नात पडदा चिकटलेले: बुडबुड्याने ८०.८ टक्के, व्हिट्रेक्टॉमीने ९३.२. इथेच थांबलात तर व्हिट्रेक्टॉमी जिंकली. पण नजर बुडबुड्याच्या गटात तक्त्यावरच्या जवळपास पाच अक्षरांनी चांगली होती, आणि वाकडं दिसण्याची तक्रारही कमी.

कारणही पटण्यासारखं आहे. मोठ्या गॅसखाली आत राहिलेलं पाणी ढकललं जाताना पडदा ताणला जातो आणि मूळ जागेपासून किंचित सरकून चिकटतो. ऑटोफ्लुरोसन्सच्या (पडद्याची स्वतःची चमक टिपणाऱ्या) फोटोत रक्तवाहिन्यांची जुनी जागा शेजारी उजळ रेघ होऊन दिसते. म्हणजे पारिजात यांच्या नवऱ्याला दिसतं ते मनाचे खेळ नाहीत, त्याचा फोटो निघू शकतो.

वाटसरू

आणि बुडबुड्यानंतर ज्या १९ टक्क्यांचा पडदा चिकटला नाही, त्यांचं काय? त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया. ते तुम्ही पटकन उडवून लावलंत. पहिल्या फसलेल्या प्रयत्नानंतर पडद्यावर व्रणाची साय धरली तर पुढचं सगळंच अवघड होतं. पाच अक्षरांसाठी मी हा जुगार खेळलो नसतो.

गवाक्ष

उडवून लावलं नाही, आकडा मीच दिला आहे. त्यांतल्या बहुतेकांचा पडदा पुढच्या शस्त्रक्रियेने चिकटतो. तरी 'मी जुगार खेळलो नसतो' हे म्हणायचा तुमचा हक्क मान्य. प्रश्न इतकाच की तो पर्याय तुमच्यापुढे कुणी ठेवला होता का? की डॉक्टरांना जे येतं तेच झालं?

वाटसरू

नव्हता ठेवला. पण त्या अवस्थेत मी चाचण्यांचे आकडे ऐकून घेतले असते असं मला वाटत नाही.

नेत्रपल्लवी

पारिजात, तुमच्या यजमानांच्या डोळ्यात आधीच कृत्रिम भिंग होतं, त्यामुळे व्हिट्रेक्टॉमी निवडणं चूक म्हणता येत नाही. २००७ सालच्या एसपीआर चाचणीत नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यांत बाहेरून पट्टा शिवायच्या बकलने नजर जास्त चांगली आली, पण कृत्रिम भिंग असलेल्यांत व्हिट्रेक्टॉमीने पडदा जास्त वेळा एका प्रयत्नात चिकटला. मागे बघायलाही ते सोपं जातं आणि व्हिट्रेक्टॉमीनंतर हमखास येणारा मोतीबिंदू त्यांना येणारच नसतो. तरुण, स्वतःचं भिंग असलेल्या रुग्णाला मात्र बकल सांगितलंच जात नाही, कारण नव्या डॉक्टरांचा त्यात हात बसलेला नसतो. हे मी माझ्या पेशाच्या विरोधात बोलते आहे, पण खरं आहे.

चमकेबद्दल कुणी बजावलं नाही, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मोठ्या मायनसच्या प्रत्येक रुग्णाला ते सांगायलाच हवं: नवी चमक, काळ्या ठिपक्यांचा सडा, बाजूने येणारी सावली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भिंगरी

विषय निघालाच आहे म्हणून. मान खाली घालून पडून राहायची शिक्षा कशासाठी? माझ्या आईच्या पडद्याच्या मध्यावर छिद्र होतं. दिवसरात्र पालथी. पाठीचं दुखणं आधीचंच, त्यात हे. तिच्या मैत्रिणीला दुसरीकडे 'फक्त वर बघू नका' एवढंच सांगितलं, तिचंही छिद्र बुजलं. मग हे छळणं नाही तर काय?

वाटसरू

छळणं? मी पालथा पडून राहिलो आणि माझं काम झालं. लोकांना गोळीसारखा इलाज हवा असतो. पथ्य पाळायचं म्हटलं की शोषण.

भिंगरी

सत्तरीच्या बाईला मानेचा मणका सुजेपर्यंत पालथं ठेवणं तुम्हाला पथ्य वाटतं. तुमची मान धडधाकट असेल.

गवाक्ष

भांडू नका. तपासलेलं आहे. पिम्स चाचणी, ब्रिटन, २०२०, फक्त ४०० मायक्रॉनहून मोठी छिद्रं. पालथ्या गटात ९५.५ टक्के बुजली, समोर बघणाऱ्यांत ८५.६. फरक मोठा दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून पालथं झोपण्याला अर्थ नाही असं म्हणता येत नाही, आणि त्याशिवाय छिद्र बुजतच नाही असंही नाही. छिद्र छोटं असेल तर पालथं न झोपताही बहुतेक वेळा बुजतं. भिंगरी, तुमच्या आईचं छिद्र किती मोठं होतं?

भिंगरी

माहीत नाही. कुणी सांगितलं नाही. फाईलमध्ये असेल तर बघते.

नेत्रपल्लवी

ओसीटीच्या (पडद्याच्या स्कॅनच्या) कागदावर मायक्रॉनमध्ये लिहिलेलं असतं. ४०० च्या वर असेल तर त्यांना पालथं ठेवणाऱ्यावर मी तरी रागावणार नाही. पण मणक्याचं दुखणं आधीच माहीत असताना काही तासांनी सूट दिली नाही, याचा राग समजू शकते.

कडेलोट

मूळ विषय मोतीबिंदूचा होता, मी तिकडे येतो. फेमकॅटचे आकडे काल रात्री नीट वाचले. सर्वसाधारण डोळ्याला लेसरने नजर जास्त येते असं म्हणायला जागा नाही. एवढं मागे घेतो. फुक्सबद्दल एक शब्दही मागे घेत नाही. आणि ज्याने मला लेसरसोबत मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं) भिंग घ्यायला लावलं त्याच्याबद्दल तुम्ही कुणीच का बोलत नाही? रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मला कडं दिसतं. नजर ६/६ आहे, पण रात्री मी गाडी काढत नाही.

पारिजात

म्हणजे तक्ता वाचता येतो आणि रस्ता दिसत नाही. दोन दिवस मी हेच सांगते आहे.

नेत्रपल्लवी

कडेलोट, मल्टिफोकल बसवण्याआधी तुमच्या पडद्याची ओसीटी केली होती का? मध्यबिंदूपाशी थोडा जरी दोष असेल तर त्या भिंगाने कॉन्ट्रास्ट आणखी घटतो, आणि मोतीबिंदू असताना तो दोष साध्या तपासणीत लपून राहतो.

कडेलोट

नव्हती केली. आता करून घेतो आणि इथेच लिहितो. लेसरबद्दलही पुन्हा लिहीन.

गवाक्ष

लिहा. फुक्ससाठी वेगळी चाचणी सापडली तर तीही द्या, मी वाचेन.