मदत हवी आहे: अर्बन हेल्थमध्ये एमपीएच केलं, पण "तुम्हाला येतं काय?" याला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. बीएस्सीनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री केली, शहरी आरोग्य हा खास विषय घेऊन. आई म्हणते, "इतकं शिकून सुई टोचता येत नाही, मग काय शिकून राहिली तू?" आईचं एक वेळ सोडा, पण मुलाखतीतही तेच. "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तुम्हाला घेऊन करायचं काय?" मी बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी), एपिडेमिऑलॉजी (रोग कुठे, कसे पसरतात त्याचा अभ्यास) अशी विषयांची नावं सांगितली, समोरच्यांनी घड्याळ बघितलं.

काम मात्र केलंय. आसीनगर झोनमधल्या एका वस्तीत डासअळ्यांचा सर्वे, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर नकाशे, आशाताईंसोबत महिला आरोग्य समितीच्या बैठका. हे सीव्हीत कसं मांडू? नोकरी शक्यतो नागपुरातच हवी.

कूलरवाला: विषयांची नावं खोड आधी. सर्वे केलास ना, मग तेच सांग. समजा १०० घरं बघितली, १२ घरांत अळ्या, आणि अळ्यांची भांडी २०. हाऊस इंडेक्स (शंभरातली अळ्यांची घरं) १२, ब्रेटो इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) २०. इथवर कोणीही सांगेल. पण ती २० भांडी कोणती? आपल्याकडे हमखास कूलर, पावसाळा लागला तरी टाकी भरलेलीच. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. टाकी घासावीच लागते. आशाताईंना पटवून हे घराघरांत करून घेतलं असशील तर सीव्हीत पहिली ओळ ती.

झोनताई: मी महापालिकेच्या अशाच एका झोनमधल्या दवाखान्यात आहे. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रामागे साधारण ५०,००० लोकसंख्या धरलेली असते, डॉक्टर ओपीडीतून मान वर काढत नाहीत. भाडेकरू, बांधकामावरचे मजूर लसीकरणाच्या यादीतच नसतात. त्यांना शोधून यादीत आणणारं माणूस आम्हाला हवं असतं. तुझा नकाशा छापून मुलाखतीला ने, त्यावर कुणाचं नाव किंवा घर नंबर नको. एक मात्र बघ, एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) जाहिरातीत एपिडेमिऑलॉजिस्टच्या पदाला बरेचदा वैद्यकीय पदवीही मागतात. पात्रता वाचूनच फी भर.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे! पण डेटा कॉलेजचा आहे. नकाशा दाखवायला गाईडची परवानगी लागेल का?

झोनताई: लागेल. आजच मेल टाक.