सपाट पाय, पण शूज बाहेरच्या बाजूने झिजतायत, नेमके कुठले घेऊ?

नवशिक्या_पळपुट्या: ४ महिने झाले पळायला लागून, आठवड्याला २० किमी वगैरे होतात. ओला पाय फरशीवर ठेवून बघितला तर अख्खा तळवा उमटला, म्हणजे फ्लॅट फूट, बरोबर? दुकानदार म्हणतो पाय आत झुकतोय, स्टॅबिलिटीवालेच (आतल्या बाजूला जास्त आधार असलेले) घ्या, पण जुने शूज उलटे करून बघतो तर टाच बाहेरच्या कडेला घासलीये. डोकंच चालेना. त्यात डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय.

चवडा: टाचेची बाहेरची कड झिजणं अगदी नॉर्मल आहे, बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते आणि मग पाय आत वळतो, धक्का जिरवायलाच वळतो तो, आजार नाही काही. खरं बघायचं तर चवड्याखाली कुठे घासलंय ते बघ, आणि शूज टेबलावर ठेवून मागून बघ, आत कललेत का. ओल्या पायाचा ठसा उभं राहून घेतलेला, पळताना पाय काय करतो ते त्यात दिसत नाही. मी स्वतः फ्लॅट फूटवाला, साधे न्यूट्रल (तसा जादा आधार नसलेले) वापरतो, काही दुखत नाही. दुकानातच थोडं पळून बघ, जे पायात आहेत हेच विसरायला होतं ते घे.

लेस_सुटली: नखाचं कारण साइज असणार. संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात, मोजे पळायचेच घाल, आणि उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे (काहींचं अंगठ्याशेजारचं लांब असतं) आडवा अंगठा मावेल एवढी जागा बघ. आतला सोल काढून त्यावर उभा राहा, लगेच कळेल.

नवशिक्या_पळपुट्या: आत्ताच केलं, करंगळी निम्मी बाहेर 😅 आणि डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला!

लेस_सुटली: मग मोठ्या पायाच्या मापाने घे. टाच सैल वाटली तर वरच्या शेवटच्या दोन भोकांत लेसचा फास करून बांध, पाय पुढे सरकत नाही.

पोटरी_गेली: ड्रॉप पण बघा हो, म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच ते. मी १० मिमीवरून एकदम ४ वर गेलो आणि दोन आठवडे जिना उतरताना कठडा धरत होतो. जुन्यांचा किती होता ते बघून त्याच्या जवळपासचंच घे, आणि ते नख ओढत बसू नकोस, खालून नवीन आलं की आपोआप पडतं.