प्रतिसाद: खाली नाव टाकलं म्हणजे झालं का?

वर कुणीतरी म्हटलंय, दुसऱ्याचा लेख आपल्या साइटवर घेताना खाली मूळ लेखकाचं नाव टाकलं की पुरे, उलट त्याची फुकट प्रसिद्धीच होते. हे काही पटत नाही. गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या एका मित्राने नार्व्याच्या सप्तकोटेश्वर देवळावर लिहिलं होतं. एका होमस्टेवाल्याने तो लेख जसाच्या तसा उचलला, टायपिंगच्या चुकांसकट! फोटोत मित्राच्या स्कूटरचा आरसासुद्धा दिसतो. तळाला बारीक अक्षरात नाव, लिंक नाही. आता देवळाचं नाव शोधलं की होमस्टेच वर येतो. प्रसिद्धी कुणाची झाली?

नाव देणं वेगळं, परवानगी वेगळी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी उतारा घ्यायला मुभा आहे. खोल्या भाड्याने देण्यासाठी अख्खा लेख उचलायला नाही. आणि खरंच परवानगी घेऊन छापायचं असेल, तर कॅनॉनिकल टॅग, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये टाकायची एक ओळ, २००९पासून आहे. त्यात मूळ लेखाचा पत्ता दिला की अस्सल पान कुठलं ते गुगलला सांगता येतं. हा टॅग म्हणजे सूचना, गुगल ती मानेलच असं नाही, पण निदान दानत तरी दिसते. अर्थात रँकिंगसाठीच उचलेगिरी करणारा तो कशाला लावेल म्हणा!

मित्राला सांगितलंय, स्क्रीनशॉट काढून ठेव आणि गुगलकडे कॉपीराइटची तक्रार टाक.