पार्किंगमधला सोनेरी रंग (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

तात्या: नमस्कार मंडळी. रात्री गाडी लावली तेव्हा पांढरी होती. सकाळी डाव्या दरवाजावर सोनेरी शिंतोडे. कुंपणाच्या चिऱ्यांवर पण. कोणाचं काम ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नाव घेत नाही.

बी-३०१ वहिनी: घ्या की नाव. मुलं मखर रंगवत होती, आपल्याच सोसायटीच्या गणपतीचं. तुम्ही खिडकीतून बघत होतात, तेव्हाच सांगायचं होतंत.

तात्या: सांगितलं की मी म्हातारा किरकिऱ्या.

नाना: पार्किंगचा २ नंबर कॅमेरा शिमग्यापासून बंद आहे.

सेक्रेटरी: वाद नकोत. बाप्पा परवा येतायत 🙏

काकू: आमच्या बाळ्याचे हात कोपरापर्यंत सोनेरी. स्प्रेचा रंग, साबणाने हलत नाही. रॉकेल लावू का?

रंगवाला दादा: काकू, रॉकेल, पेट्रोल, थिनर काही नको, पोराची कातडी भाजेल. खोबरेल चोळा, ५ मिनिटं ठेवा, मग कोमट पाणी आणि साबण. एका वेळेला जायचं नाही, दोन-तीनदा करावं लागेल. घासणी लावू नका.

कुडाळवाले काका: फणसाचो चीक काढतत तसाच. आधी त्याल, मगे साबण. 😄

काकू: बरोबर हो काका, सुचलंच नाही. आणि शाळेचा शर्ट?

दादा: सुकलाय ना? मग आधी नखाने जेवढं खरवडून निघेल तेवढं काढा. खाली जुना फडका घाला, सॅनिटायझर ओतून उलट्या बाजूने टिपत जा, घासू नका. फडका सारखा बदला, नाहीतर तोच रंग परत शर्टात जातो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही.

वहिनी: नेलपॉलिश रिमूव्हर चालेल?

दादा: सुती शर्टाला चालतो, पण आधी आतल्या शिवणीवर बघा. काही चकचकीत कापडं त्यात चक्क विरघळतात. खिडकी उघडी ठेवा आणि समई, गॅस लांब.

नाना: २ नंबर कॅमेरा बंद आहे. परत सांगतोय.

ए-१०४: मखराचा एक खांब मेणासारखा बसला, तो कशाने?

दादा: थर्माकोल असणार. स्प्रेमधलं सॉल्व्हंट त्याला खातं.

तात्या: थर्माकोल?? २०१८ पासून राज्यात बंदी आहे. सेक्रेटरी, ऐकताय ना?

सेक्रेटरी: तो मागच्या वर्षीचा तुकडा होता तात्या. बाकी सगळा पुठ्ठा आहे.

ए-१०४: मागच्या वर्षी नव्हती वाटतं बंदी 😂

तात्या: हसा. मी थिनर आणलाय, आता गाडी पुसतो.

दादा: तात्या थांबा!

दादा: तात्या, थिनरने गाडीचा मूळ रंग पण निघेल. हात लावू नका.

काकू: फोन करा कोणीतरी त्यांना.

तात्या: लावला. सोनेरी गेला. खाली तळहाताएवढा पांढुरका धब्बा आलाय.

कुडाळवाले काका: अरे बापरे.

दादा: आता तिथे काही चोळू नका. गॅरेजवाल्याला दाखवा, तो पॉलिशवर भागतं का बघेल. बाकीच्या शिंतोड्यांना क्ले बार, म्हणजे गाडी साफ करायचा मातीसारखा मऊ गोळा, साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा. खरखर लागायची थांबली की शिंतोडे गेले समजा.

तात्या: खर्च कोण देणार?

वहिनी: शिंतोड्यांचा आम्ही देऊ. थिनरचा तुमचा तुम्ही.

सेक्रेटरी: वहिनी, प्लीज.

वहिनी: प्लीज काय? माझा मुलगा सकाळी स्वतः वर जाऊन सॉरी म्हणून आला. ते कोणी नाही लिहिलं इथे.

तात्या: आला होता. चांगला मुलगा आहे. मी गाडीबद्दल बोलतोय.

ए-१०४: आणि भिंत?

दादा: जांभ्यावर थिनर ओतलात तर रंग पातळ होऊन आणखी आत जाईल, चिऱ्याला भोकंच इतकी असतात. पाऊस संपला की ताठ ब्रशने वरवरचा काढू. उरलेल्यावर गेरू.

काकू: मी बघून आले. कमळाचा छाप उठलाय भिंतीवर, पाकळ्या अगदी नीट आल्यात. गणपतीपुरता राहू दे की.

तात्या: उद्या माझ्या गाडीवर पण कमळ काढा.

नाना: कॅमेरा चालू असता तर एवढी चर्चाच झाली नसती.

सेक्रेटरी: नाना, मुलांनी रंग उडवला हे पहिल्या ५ मिनिटांत कळलंय. आणि कॅमेऱ्याचं कोटेशन जूनच्या मीटिंगमध्ये 'महाग आहे' म्हणून तुम्हीच परत पाठवलंत. मिनिट्समध्ये आहे. टाकू का इथे?

नाना: परवा आरती किती वाजता?