मदत हवी आहे: सिम्युलिंकमध्ये पल्स रडारच्या ट्रान्समीटरची प्रतिकृती, कडांचा प्रश्न

नमस्कार. ३ गिगाहर्ट्झच्या पल्स रडार ट्रान्समीटरची प्रतिकृती मी सिम्युलिंकमध्ये (मॅटलॅबसोबतच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये) करत आहे. पल्सची रुंदी १० मायक्रोसेकंद, पुनरावृत्ती सेकंदाला १,००० वेळा, चर्पची (पल्सदरम्यान सरकत जाणाऱ्या वारंवारतेची) बँडविड्थ ५ मेगाहर्ट्झ आणि शिखरशक्ती १० किलोवॅट आहे. वाहक लहर प्रत्यक्ष घेतली तर सॅम्पलिंगचा दर न परवडणारा होतो, म्हणून सगळे काम कॉम्प्लेक्स बेसबँडमध्ये (वाहक लहर वगळून फक्त आयाम आणि फेज ठेवून) २० मेगाहर्ट्झ दराने चालते. सरासरी शक्ती १०० वॅट येते, म्हणजे तेवढा भाग बरोबर आहे.

अडचण पॉवर अ‍ॅम्प्लिफायरपाशी आहे. बँडबाहेरचे उत्सर्जन कमी व्हावे म्हणून पल्सच्या दोन्ही कडांना १ मायक्रोसेकंदाचा कोसाइन उतार दिला आहे. परंतु अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेशनमध्ये (इनपुट वाढले तरी आउटपुट फारसे वाढत नाही अशा स्थितीत) असल्याने बाहेर पडताना कडा पुन्हा जवळजवळ उभ्या होतात आणि स्पेक्ट्रम पसरतो. इनपुट कमी केल्यास तो सुधारतो, पण शक्ती घटते. सॅम्पलिंग ८० मेगाहर्ट्झ करूनही फरक पडला नाही, त्यामुळे हा एलियासिंगचा (सॅम्पलिंग अपुरे पडल्याने वारंवारता चुकीच्या जागी दिसण्याचा) दोष नसावा. पुढे लोपास फिल्टर लावल्यावर कडा गोलावतात खऱ्या, पण चर्पच्या दोन्ही टोकांचा आयामही घटतो, जे मला मुळीच चालणार नाही.

माझ्याकडे आरएफ ब्लॉकसेट (सिम्युलिंकचा रेडिओ सर्किटसाठीचा जोडसंच) नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन आणि फेज लुकअप टेबलमधून घेतो. हा तक्ता एकाच ड्रेन व्होल्टेजचा (ट्रान्झिस्टरला दिलेल्या पुरवठा व्होल्टेजचा) आहे. प्रत्यक्षात ड्रेन व्होल्टेज हळूहळू चढवून कडांना उतार देतात, तसे दाखवायचे असेल तर आउटपुटला काळानुसार बदलणाऱ्या गेनने गुणणे पुरेसे आहे, की सॅच्युरेशनची पातळी आणि फेज दोन्ही व्होल्टेजनुसार बदलणारा द्विमितीय तक्ता घ्यावाच लागेल?